कापसाचा बोळा

तिने बाटली पिशवीत टाकली आणि गोळ्या खुळखुळल्या. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी टेबलाचा खण ओढून कापूस शोधला. खणात टाचण्या होत्या, अर्धा कंगवा होता, कापूस संपला होता.

"घरी गेल्यावर वरून कापसाचा बोळा घाल," त्या म्हणाल्या. "नाहीतर ही बाटली रस्ताभर चहाडी करत जाईल."

एरवी तिला हसू आलं असतं. सहावा महिना चालू होता. मागच्या खेपेला रक्त घेतलं ते अंगात रक्त किती आहे हे बघायला, अशीच तिची समजूत होती. आणि आठवड्यापूर्वी कळलं, निघाले दोन आजार, काविळीचा बी प्रकार आणि एचआयव्ही. बाई तिसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून सांगत होत्या, न कंटाळता.

"ही एकच गोळी दोन्हींवर चालते. रोज, ठरल्या वेळी. नेमाने घेतलीस तर बाळ बहुतेक सुखरूप राहतं. जन्मल्या दिवशीच त्याला काविळीच्या दोन सुया आणि तोंडातून औषध, ते आम्ही बघू. तू फक्त गोळी चुकवायची नाहीस."

"घरी काय सांगू?"

"आज सगळं सांगवत नसेल तर कावीळ सांग. ते काही खोटं नाही." बाईंनी आवाज खाली आणला. "पण कावीळ म्हटलं की लोकांना महिनाभराचं पथ्यच माहीत. सासूबाई म्हणतील, डोळे स्वच्छ दिसतात, आता पुरे कर. तेव्हा अजिबात ऐकायचं नाही. मध्येच सोडलं की आजार उसळतो. आणि नवऱ्याला तपासणीला पाठव."

तिने मान हलवली. आठवडाभर ती स्वतःचंच आयुष्य उलटंपालटं करून बघत होती. लहानपणी दात काढला होता. एकदा तापात कुणाकडून तरी सुई टोचून घेतली होती. यातलंच काहीतरी अंगाला चिकटलं असणार आणि आपणच ते या भल्या माणसांच्या घरात आणलं, याबद्दल तिला शंका उरली नव्हती. नवऱ्याचा तर तिने विचारही केला नव्हता. छापखान्यात मान मोडून काम करणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. उद्या त्याला कळलं तर कोणत्या तोंडाने उभं राहायचं, आणि त्याने घराबाहेर काढलं तर पोटातल्याला घेऊन जायचं कुठे, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. दोघी चालत निघाल्या. तिने पिशवी पोटाशी धरली, पावलं जपून टाकली, तरी गोळ्या वाजायच्या त्या वाजल्याच.  सासूबाई दुकानांच्या पाट्या वाचत चालावं तशा चालत राहिल्या.

घरी आल्यावर गणवेशांना बटणं लावायचं काम तिने पुढ्यात ओढलं. दोन बटणं लागली, तिसऱ्याला सुईत दोरा जाईना.

"आई, कावीळ निघाली."

"हं."

"गोळी दिलीय. रोज घ्यायची."

सासूबाईंनी हात पुढे केला. तिने बाटली दिली. आता पुढचा प्रश्न आणि त्याचं उत्तर तिने रस्ताभर घोकलं होतं. किती दिवस घ्यायची, असं त्या विचारतील. डॉक्टर सांगतील तोवर, असं आपण म्हणायचं.

सासूबाईंनी काहीच विचारलं नाही. बाटलीवरचा कागद त्यांनी ओल्या फडक्याने भिजवला, नखाने एका कोपऱ्यातून उचलला आणि सबंध सोलून काढला. मग वरच्या फळीवरचा आपल्या मुलाचा दाढीचा डबा खाली घेतला. लग्न होऊन ती या घरात आली त्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, त्या डब्याला हात लावायचा नाही, पातं लागेल. दोन वर्षं तिने तो पुसायलासुद्धा उचलला नव्हता.

डब्यात साबण होता, ब्रश होता, कापूस होता. आणि कागद सोललेली तशीच एक बाटली होती. सासूबाईंनी कापूस तोडून बोळा केला, सुनेच्या बाटलीत दाबला आणि ती कानाशी हलवून बघितली.

"एकदा धरलं की सोडायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "सोडलं की उसळतं."

तिच्या हातातून सुई सुटली. ती कुणीच शोधली नाही.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून." सासूबाई डब्याचं झाकण लावत होत्या, ते नीट बसत नव्हतं. "तो नेमाने घ्यायचा गं. डॉक्टर म्हणाले होते, असाच घेत राहिला तर बायकोला काही व्हायचं नाही. म्हणून तर मी उभं केलं त्याला लग्नाला. मग तू आलीस. एवढीशी खोली. बाटली उघडली की वाजायची, आणि त्याला वाटायचं तू विचारशील. त्याने घेणंच सोडलं. चार महिने. मला पत्ताच नाही." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "कापसाचं मला मागाहून सुचलं."

तिला रडू आलं नाही. संताप आला. आठवडाभर ती ज्या गुन्ह्याचा माग काढत होती तो दाढीच्या डब्यात होता. पोटात बाळाने पाय मारला. तिने तिथे हात ठेवला.

मग उठून तिने आपली बाटली उघडली, बोळा काढून सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. बाटली ठेवली ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

दुपारी नवरा जेवायला आला. हातावर छापखान्याची शाई होती, ती त्याने घासून धुतली. तिने त्याला आणि सासूबाईंना वाढलं, स्वतःला वाढून घेतलं. आपलं जेवण आधी आटोपून तिने ओट्याशी जाऊन बाटली उचलली. गोळ्या खुळखुळल्या. त्याचा घास ताटातच राहिला. त्याने आधी ओट्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई मान खाली घालून भात कालवत होती, कालवून झालेला भात पुन्हा कालवत होती.

तिने गोळी पाण्याबरोबर घेतली. मग फळीवरून दाढीचा डबा काढला आणि त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवला.

"तुमची घेतलीत का?" तिने विचारलं.