अठ्ठ्याण्णव किलोचा तोळामासा

गावभर त्यांना तोळामासा म्हणत. काटेदुरुस्तीचा धंदा आणि अंगाने अठ्ठ्याण्णव किलो. नाव ठेवणाऱ्याची जीभ कशी थांबणार? काट्यावर माशी बसली तर ती जेवून आली की उपाशी, हे ते लांबून सांगत.

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं. एकशे साठ, शंभर. "मिस्त्री, एक गोळी लिहितो. वजन उतरवा. नाहीतर दुसरी गोळी लागेल, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. थोरला भाऊ याच प्रेशरने अर्धांग होऊन गेला होता. त्याला भरवलेला शेवटचा घास तोळामासांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

मग जेवणाचं ताट निम्मं झालं, वरचं मीठ गेलं, सकाळ-संध्याकाळ चालणं सुरू झालं. पण घरच्या काट्याने हट्टच धरला. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, पुढच्या आठवड्यात परत चढले, आणि तिथून काटा अठ्ठ्याण्णववरून ढिम्म हलेना.

तपासणीच्या दिवशी ते दवाखान्यात वेळेआधीच पोचले. डॉक्टर यायचे होते. सहज काट्यावर उभे राहिले तर अठ्ठ्याऐंशी. 

"बिचारा बिघडलाय," ते पुटपुटले. पिशवीतून पेचकस काढला, स्प्रिंगचा स्क्रू पिळला आणि स्वतः चढून-उतरून अठ्ठ्याण्णव दाखवेपर्यंत काटा दुरुस्त केला. फुकट.

डॉक्टर आले. वजन अठ्ठ्याण्णव. हाताला पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस, ऐंशी. डॉक्टरांनी दुसरा हात घेतला, मग पुन्हा पहिला.

"वजन तसूभर हललं नाही, आणि प्रेशर उतरलं?"

"तुमचं तेही यंत्र बिघडलंय का? बघू?"

"हात लावू नका. मिस्त्री, तुम्ही पँट का धरून उभे आहात?"

"कमरेचा पट्टा सैल झालाय. कातडं ताणलं असेल."

डॉक्टरांनी पँटकडे पाहत केसपेपर पुढे ओढला. "दुसरी गोळी नको. पहिली चालू ठेवा. आणि चालणं सोडू नका."

तोळामासा घरी आले ते हवेतच. बायकोला सगळं सांगितलं, दुरुस्तीसकट.

"अहो, काय केलंत हे? बिघडलेला काटा आपला आहे."

"कुणी बिघडवला?"

"मी. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरलात आणि त्या आनंदात तीन दिवस ताटावरून उठला नाहीत. म्हटलं, यांना उतरलेलं कळलं की हे चढणार. दर रविवारी स्क्रू केसभर पिळायची. रिकामा काटा शून्यावरच राहू दिला, नाहीतर तुम्ही ओळखलं असतं. तीस वर्षं तुमच्या शेजारी बसून तेवढंही शिकू नये?"

त्यांनी वीस किलोचं लोखंडी वजन काट्यावर ठेवलं. काटा बावीसच्या पुढे गेला. जगाचे काटे तपासणाऱ्याने स्वतःचा एकदाही तपासला नव्हता. ते भिंतीला टेकले. दहा किलो! भावाची वाट आपण कधीच मागे टाकली होती, आणि आपल्याला पत्ता नव्हता.

मग आठवलं. "अगं, दवाखान्याचा काटा!"

पेचकस घेऊन दोघं धावली. सकाळपासून तो काटा येईल त्याला सात-आठ किलो जास्त दाखवत होता. रस्त्यावर पाहतात तो गर्दी. पोस्टमन सायकल हातात धरून चालतोय, वाणी चालतोय, न्हावी गिऱ्हाईक अर्धं भादरून चालतोय, आणि ते गिऱ्हाईकही मागोमाग. सगळ्यांचे चेहरे भूत पाहिल्यासारखे.

सर्वांत पुढे, घामाघूम, डॉक्टर.

"मिस्त्री," ते धापा टाकत म्हणाले, "तुम्ही गेल्यावर मीही उभा राहिलो होतो."

तोळामासांनी तोंड उघडलं. बायकोने त्यांचा सैल पट्टा मागून खेचला.

"काटा आत्ताच नीट करू," ती हळूच म्हणाली. "पण या सगळ्यांना सांगायचं ते परत फिरल्यावर. एवढा रस्ता चालून होऊ दे."