शोकसभेतलं गाऱ्हाणं

गोकुळदास मास्तर गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात आमच्या गावच्या शाळेत त्यांची शोकसभा झाली. तिथे मी बोललो. त्यावरून गावात अजून हसतात. माझा मुलगा गौरेश तर बरेच दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. काय झालं ते सरळ सांगतो.

मास्तर मूळचे डिचोलीकडचे, लाटंबार्सेचे. तरुणपणी बदली होऊन आमच्या पेडणे तालुक्यात आले आणि इथेच राहिले. लग्न केलं नाही. शाळेच्या मागे दोन खोल्या, एक खाट आणि पुस्तकं, एवढा संसार. शिकवण्यातून वेळ उरला की आंदोलन. मराठी शाळा बंद पडू नयेत म्हणून उपोषणाला बसायचे. डिचोलीत खाणीचे ट्रक शेतात धूळ उडवतात म्हणून रस्त्यात आडवे झाले. पोलिसांनी उचलून नेलं, की सुटल्यावर म्हापशाहून पहिली बस धरून घंटेआधी वर्गात हजर. सरकारने एकदा कामावरून काढलं, तेव्हा त्यांनी देवळाच्या मंडपात पोरं बसवली आणि पाढे चालू ठेवले.

आणि हा माणूस देव मानायचा नाही. मंडपात शिकवायचा, पण गाभाऱ्याकडे पाठ.

आमच्या घराण्याकडे रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान आहे. जत्रा असो, पेरणी असो, कोणाच्या घराचा पाया असो, मी देवाला हाक मारून गावाचं म्हणणं सांगतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणापासून सवय असल्यामुळे आमच्या माणसाला "म्हाराजा" ऐकलं की "व्हय" आपोआप येतं. आणि एकदा म्हटलं की शब्द दिला. तो कोणी मोडत नाही. भांडणं मिटतात, बांधाचे वाद मिटतात.

मास्तर मंडपाबाहेर हात मागे बांधून उभे राहायचे आणि सगळं ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "कृष्णनाथ, आम्ही सभेत ठराव करतो, सह्या घेतो, आणि महिन्याभरात सगळे विसरतात. तुझ्याकडे कागद नाही, सही नाही, आणि माणसं पाळतात. हे मला जमलं असतं तर गोवा बदलला असता."

मी म्हटलं, "मग देवळात येवा."

"तेवढं सोडून बोल," म्हणाले.

माझी बायको गंगा त्यांच्या बायकांच्या वर्गात वाचायला शिकली. दोन मुलं झाल्यावर शिकली. नंतर वर्तमानपत्र ती मला वाचून दाखवायची, कारण मी सावकाश वाचतो. मास्तर संध्याकाळी आमच्या बलकांवात, सोप्यावर येऊन बसले की ती चहा आणि पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, उंडो पाव आणून ठेवायची. पहिला चहा संपायच्या आत दुसरा.

गेल्या वर्षी गंगा गेली. लोक आले, समजूत घालून गेले. मास्तर मात्र रोज यायचे आणि काही न बोलता बसायचे. चहा मी करायचो. एकदा साखर घालायची राहिली. त्यांनी तसाच प्यायला आणि कप माझ्या हातात देताना म्हणाले, "गंगा असती तर तुला हाकलून दिलं असतं." त्या दिवशी, ती गेल्यानंतर, मी पहिल्यांदा हसलो.

ते स्वतः आजारी पडले तेव्हा त्यांना एकच काळजी होती. शाळेत पोरं उरली नव्हती. ज्याला परवडतं तो पोराला व्हॅनमध्ये बसवून म्हापशाच्या इंग्रजी शाळेत पाठवतो. यंदा पहिलीत नवीन पोरं आली नाहीत तर शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळणार, असं वरून कळवलं होतं. माझी नात सायली यंदा पहिलीत जाणार होती. गौरेशने तिची जागा म्हापशाला धरून ठेवली होती.

हॉस्पिटलातून घरी आणल्यावर मास्तर मला म्हणाले, "शाळा राहायला हवी रे. बाकी माझं काय नाही." सायलीचं नाव त्यांनी काढलं नाही. ते काढणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

मी गौरेशशी बोललो. तो वैतागला.

"बाबा, मी शिकलो त्या शाळेत. म्हणूनच सांगतंय. मुलाखतीत इंग्रजीत तोंड उघडाक माका किती लाज वाटली, तुमका काय ठावक?"

त्याचं खोटं नव्हतं. सून सेजल भाजी चिरत ऐकत होती.

मग मास्तर गेले.

शोकसभेला शाळेचा व्हरांडा भरून अंगणात खुर्च्या टाकाव्या लागल्या. मास्तरांबरोबर उपोषणाला बसलेले लोक डिचोलीहून, वाळपईहून आले. ज्यांच्याविरुद्ध ते बसले, त्यांच्यातलेही दोघे पुढारी पुढच्या रांगेत होते. भाषणं झाली. झुंजार, तळमळीचा, पोकळी भरून न निघणारी. सगळे त्यांना चांगलं म्हणत होते, पण शाळेचं नाव कोणी काढत नव्हतं. फोटोमागच्या भिंतीवर मास्तरांनीच रंगवलेली बाराखडी होती. मी तिच्याकडे बघत होतो. मला वाटलं, सभा संपेल, फोटोला हार राहील, आणि जूनमध्ये या खोलीला कुलूप लागेल.

आमचे पंच बाबुराव सूत्रसंचालन करत होते. त्यांनी मला हाक मारली. "कृष्णनाथा, तू मास्तरांचो जवळचो. दोन शब्द बोल."

मी कधी भाषण केलेलं नाही. माईकसमोर उभा राहिलो. "मास्तर," म्हटलं आणि पुढे काही सुचेना. लोक वाट बघत होते. मग मला जे येतं तेच तोंडातून आलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अर्धं अंगण बोलून गेलं.

शोकसभेत गाऱ्हाणं कोणी घालत नाही. बाबुराव माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. पण आता मागे येता येत नव्हतं.

"आज ही तुझी लेकरां एका जाग्यार जमली आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या मास्तरान आमका अक्षर शिकवल्यान, तो आमच्यातसून गेलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." हे हळू आलं. पाठीमागे कोणीतरी हुंदका दिला.

"तेची शाळा बंद पडाची वेळ इली आसा. ती बंद पडाक दिव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हंय जे कोण बसले आसत, ते आपली पोरां ह्याच शाळेत घालतले म्हाराजा!"

"व्हय म्हा..." आणि मध्येच सगळ्यांच्या लक्षात आलं. पण तोपर्यंत शब्द तोंडाबाहेर पडला होता. पुढच्या रांगेतले ते दोघे पुढारीसुद्धा बोलून बसले होते. कोणीतरी फस्सकन हसलं. मग सगळं अंगण हसलं. हार घातलेल्या फोटोसमोर माणसं पोट धरून हसत होती आणि डोळे पुसत होती.

"म्हातारो मेलो तरी काम करून घेता!" बाबुराव माईकवरच म्हणाले. त्यांचा नातूही यंदा पहिलीचाच होता.

घरी आल्यावर गौरेश भडकला.

"बाबा, हे काय केलात? लोकांका फसवलात. मी काय बोलूकच नाय, माझ्यावर बंधन नाय."

"तुम्ही बोललात," सेजल म्हणाली. "मी शेजारीच होते. सगळ्यांत मोठ्यान बोललात."

गौरेश उठून आत गेला. मला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. त्याची लाज खरी होती, आणि ती मी त्याच्यावरून पुसू शकत नव्हतो. मास्तर असते तर म्हणाले असते, माणसाला पटवायचं असतं, कोंडायचं नसतं.

म्हणून काही दिवसांनी मी त्याला सांगितलं, "तुका पटत नसलां तर मी देवाकडे परत गाऱ्हाणां घालून तुझो शब्द मोकळो करतंय. तसां करूक येता."

त्याने हातातला चहाचा कप फिरवला. "नको," म्हणाला. "इंग्रजी मी तिका घरात शिकवतलंय. पण तुमी तिका म्हापशाक दर शुक्रवारी बाजारात घेवन जावचां. जग बघूक व्हया तिना."

"जातंय," मी म्हटलं.

जूनमध्ये सायली शाळेत गेली. बाबुरावांचा नातूही गेला, रडत. आणखी काही पोरं आली. शाळा यंदापुरती राहिली. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

संध्याकाळी मी सोप्यावर बसतो. सायली बाजूला बसून वर्तमानपत्रातले मोठे शब्द अडखळत वाचते. मी सावकाश वाचतो, म्हणून तिला घाई नसते. चहा आता मी दोन कप करतो, एक मास्तर बसायचे त्या रिकाम्या बाजूला ठेवतो. थोड्या वेळाने तोही मीच पितो.