हुतूतूचे संघ

मागच्या, म्हणजे छप्पन सालच्या दिवाळीत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेला. त्यामुळे यंदा ख्रिस्ती तरुणांचं उन्हाळी शिबिर दोन ठिकाणी, मराठी आणि तेलुगू अशा दोन भाषांत घ्यावं, असं आदिलाबादच्या नव्या पाद्रीसाहेबांनी बैठकीत सुचवलं.

तरुण संघाचा चिटणीस शमुवेल उठला. "मंग हुतूतू कोनासंग खेळाचं, साहेब? दरसाल आमी इकडून, किनवटवाले तिकडून."

शिबिर एकच ठरलं. मग साहेबांनी अट घातली, की दोन्हीकडची पोरं प्रत्येक संघात मिसळायची. सरकारनं तोडलेलं आपण जोडू, असंही म्हणाले. जणू एकत्र शिबिराची कल्पना त्यांचीच होती.

मे महिन्यात आमराईत खेळ रंगला. पंच साहेबच होते. शमुवेल समोरच्या दोघांना शिवून, दम राखत, मधली रेघ ओलांडून आपल्या बाजूला परतला. तेवढ्यात त्याच्याच संघातल्या किनवटच्या दाऊदनं जुन्या सवयीनं त्याची तंगडी ओढून त्याला आडवा पाडला.

दोन्ही संघांतले किनवटवाले टाळ्या पिटत नाचले. दोन्ही संघांतले आदिलाबादवाले भांडायला धावले.