तीन किलोंचा दाब

मी रबरी गळा बोलतोय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. माझा तुम्हा सगळ्यांवर राग आहे.

साच्यातून काढून मला एका वजनकाट्यावर पक्कं बसवलं आणि रुग्णालयाच्या शिकवणीच्या खोलीत आणून ठेवलं. भरल्या पोटी कुणी अचानक शस्त्रक्रियेला आला, की भूल चढताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात शिरू शकतं. म्हणून मदतनिसाने कंठमण्याखालची कडक कडी बोटांनी मागे दाबून धरायची, म्हणजे मागची अन्ननलिका मिटते. माणूस बेशुद्ध झाला की तीन किलो, ना कमी ना जास्त. श्वासनळीत नळी नीट बसून डॉक्टर ‘सोडा’ म्हणेपर्यंत हात हलवायचा नाही. तो हात बसावा म्हणून मी.

पण बसवतो कोण? लोक यायचे, माझ्यावर पिशव्या टेकवायचे, चहा प्यायचे आणि वहीत ‘सराव झाला’ लिहून जायचे. वही मोठ्या सिस्टरांकडे. त्या न बघता सह्या ठोकायच्या. “इतकी वर्षं करताहेत, त्यांना काय शिकवायचं?” वर्षभरात मला हात लागला तो फक्त धूळ पुसणाऱ्या मावशींचा.

मग एका दुपारी दार धाडकन उघडलं. मोठ्या सिस्टर ऑपरेशन थिएटरातल्या मदतनीस मामांना दंडाला धरून ओढत आत आल्या. सिस्टरांच्या वडिलांच्या आतड्याला पीळ पडला होता. दहा मिनिटांत भूल द्यायची होती आणि गळा धरणार होते हेच मामा.

“दाबा.”

काटा पाचावर गेला.

“अहो, जीव घ्याल! कमी करा.”

हळूहळू तीनवर आला. तेवढ्यात सिस्टरांनी डॉक्टरांसारखा हात पुढे केला. “सक्शन द्या.”

मामांनी मला सोडून, घशातलं ओढून घेणारी ती नळी आणायला टेबलाकडे झेप घेतली. डॉक्टरांचा हात दिसला की धावायचं, ही वीस वर्षांची सवय.

“गेले माझे बाबा!” सिस्टर ओरडल्या.

मामांचा चेहरा पडला. “सिस्टर, वहीत माझ्या नावापुढे सही तुमचीच आहे.”

त्यांनी मामांची बोटं पुन्हा माझ्यावर टेकवली. म्हणाल्या, “परत.”

सहा वेळा मामा चुकले. सातव्यांदा सिस्टर कडाडल्या, “सक्शन द्या! बहिरे झालात का?”

“दुसऱ्याला सांगा. माझा हात गुंतलाय,” मामा म्हणाले. काटा तीनवरून ढळला नाही.

सिस्टरांचे बाबा वाचले. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी वहीतल्या आपल्या सगळ्या सह्यांवर काट मारली. आता रोज रांग लागते. पहिल्या त्याच उभ्या असतात. माझ्या रबराला चीर गेली आहे. सगळे म्हणतात, सिस्टर किती बदलल्या!

बदलल्या असतील. दाबा, रोज दाबा, मी फाटेपर्यंत दाबा. पण माझं कौतुक करू नका. त्या खोट्या सह्यांच्या भरवशावर वर्षभर जे टेबलावर झोपले, ते काय कुणाचेच बाबा नव्हते?