मागलं पान

मंजुळाबाई जाऊन चार महिने झाले, तरी सकाळी मी पेपर उघडला की दौलतरावांच्या हॉटेलच्या पायरीवरून तिचा आवाज येतो. "मास्तर, मागलं पान झालं का?" दूध घालून झाल्यावर रिकामी चरवी मांडीवर घेऊन ती विचारायची, अगदी तसाच. मी मान वर करतो. पायरीवर कुणी नसतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही; मी कपडे शिवणारा माणूस, संयुक्त महाराष्ट्र समितीचा कार्यकर्ता, देवळात गेलो तर वर्षातून एकदा. पण कानांची समजूत कोण घालणार?

हॉटेल चिंचवड स्टेशनाबाहेरचं. सकाळच्या गाडीनं पुण्याहून पेपर यायचा, एकच. तो मोठ्यानं वाचायचा मान दोघांचा, माझा आणि नानासाहेबांचा. नानासाहेब काँग्रेसचे, बागाईतदार, टोपी अशी कडक की वाऱ्यालाही हलणार नाही. आमचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून सत्तावनच्या निवडणुकीत दौलतरावांनी वैतागून नियम घालून दिला: एकानं एक बातमी वाचायची, तिच्यावर दुसऱ्यानं बोलायचं, आणि त्याचं समाधान होईपर्यंत पुढची बातमी नाही. निवडणूक संपली, नियम राहिला. समाधान कुणाचंच होत नसे, त्यामुळे पहिल्या पानाच्या खाली आम्ही क्वचितच उतरायचो.

मंजुळाबाई विधवा. तिची दोन एकर जमीन पिंपरीच्या कारखान्यात गेली आणि सरकारकडून अकराशे रुपये मिळाले. ते तिनं धनवर्धिनी मंडळी नावाच्या पुण्याच्या एका कंपनीत ठेवले. त्या कंपनीचा एजंट व्याज घरपोच आणून द्यायचा. मे महिन्यात एजंट यायचा बंद झाला आणि कंपनीच्या दाराला कुलूप लागलं. पैशाचं जे काही होईल ते पेपराच्या मागल्या पानावर येईल, असं तिला कुणीतरी सांगितलं. तिला अक्षरओळख नव्हती. म्हणून दूध घातलं की ती पायरीवर बसायची.

त्याच महिन्यात नवं बजेट आलं. चहावर कर, साखरेवर कर, आणि श्रीमंतांच्या संपत्तीवरही कर. आम्हाला तर मेजवानीच मिळाली. मी म्हणायचो, "गरिबाच्या कपात हात घालता, आणि ठेवी बुडवणाऱ्या चोरांना मोकळं सोडता." नानासाहेब म्हणायचे, "संपत्तीवर कर कुणी बसवला? तुमच्या बापानं? आणि धनवर्धिनीचं म्हणशील तर सरकार बसलंय वर. दोन महिन्यांत दार उघडलं नाही तर टोपी काढून ठेवीन." चहा एक आण्याचा की सहा नव्या पैशांचा, यावरही आम्ही तासभर घालवायचो. मंजुळाबाई मध्येच विचारायची, "मागलं पान झालं का?" मी म्हणायचो, "थांब गं जरा."

जूनअखेरीची एक सकाळ. वाचायची पाळी माझी होती. पान उलटताना मागच्या पानावर चौकट दिसली. धनवर्धिनी मंडळी बुडीत निघाली असून सरकारनं तिच्यावर अधिकारी नेमला आहे. ठेवीदारांनी पावतीसह पुण्याच्या कचेरीत एकतीस जुलैच्या आत अर्ज करावा. नंतर आलेला अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

मी ती वाचायला तोंड उघडलं होतं. आणि तेवढ्यात मनात आलं, हे वाचलं की पुढचं बोलणं नानासाहेबांचं. सरकारनं अधिकारी नेमला, गरिबाचे पैसे मिळवून देतंय, असं ते भर हॉटेलात वाजवून सांगणार. तासभर मी त्यांना कोंडीत धरलं होतं, ते सगळं पाण्यात गेलं असतं. मी पेपराची घडी घातली. तिला उद्या एकटीला गाठून सांगू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन शेजारीण आली. लेकीच्या बाळंतपणासाठी मंजुळाबाई तळेगावला गेली होती. एक कार्ड टाकलं असतं तरी पुरे होतं. विसरलो असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे कार्ड लिहायचं तर त्याच दिवशी का वाचलं नाही, हेही लिहावं लागलं असतं. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिलो, आणि ती परत आली तेव्हा ऑगस्ट अर्धा संपला होता.

"मास्तर, मी न्हवते तवा माझं काय आलं व्हतं का?"

मी म्हणालो, "नाही, अजून नाही आलं."

मार्गशीर्षापर्यंत ती रोज विचारत राहिली आणि मी रोज तेच सांगत राहिलो. आधी म्हैस विकली. मग चरवी नसतानाही येऊन बसायची. थंडीत खोकला धरला. पैसे आले की पुण्याच्या डॉक्टरला दाखवीन म्हणायची. आठ दिवस आली नाही, आणि नवव्या दिवशी दौलतरावांनी सांगितलं की तिला पहाटे स्मशानात नेलं. मला स्वतःची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर आवाज यायला लागला. एका सकाळी मी असाच दचकून पायरीकडे पाहिलं, तर नानासाहेबही तिकडेच पाहत होते. चहा त्यांच्या धोतरावर सांडला होता.

"तुलाही ऐकू येतं?" त्यांनी हळू विचारलं.

मी मान हलवली. मग ते खाली बघत बोलले. त्या दिवशीचा पेपर संध्याकाळी त्यांच्या घरी गेला होता. चौकट त्यांनीही वाचली होती. पण ती बोलून दाखवायची म्हणजे कंपनी बुडाली हे कबूल करायचं, आणि मी त्यांची टोपी भर हॉटेलात काढायला लावली असती. "तू सांगशील असं वाटलं रे," ते म्हणाले. "तुझ्या फायद्याचंच होतं ते."

गेल्या शनिवारी तळेगावहून तिची लेक आली, शालन. कडेवर पोर, हातात फडक्यात बांधलेली धनवर्धिनीची पावती. दौलतरावांनी तिला आत बसायला सांगितलं, पण ती पायरीवरच बसली.

"ह्याचं आता काय व्हईल का, तेवढं सांगा," ती म्हणाली. "आमच्या मालकांनी लई सांगितलं व्हतं, पुण्याला वकील गाठू. आईनं ऐकलं न्हाई. म्हनली, वकील कशाला? तितं दोन पार्टीची दोन मानसं बसत्यात. एकानं काय लपावलं तर दुसरा बोलल्याबिगर ऱ्हायचा न्हाई."

मी नानासाहेबांकडे पाहिलं, ते माझ्याकडे पाहत होते. शालन वाट बघत होती. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.