सुखरूप हरण्याची दुआ

लग्नाची तारीख धरताना लोक मुलांच्या परीक्षा बघतात, हॉल रिकामा आहे का बघतात, आचारी बघतात. कमरुन्निसाआपांच्या फारूखची तारीख धरताना फुटबॉलचं वेळापत्रक बघितलं गेलं, आणि घोड्यानं तिथंच पेंड खाल्ली.

मी बद्रीनाथ. धंदा मंडपाचा. औरंगाबादेत बुढ्ढी लेनमध्ये आपांच्या भिंतीला लागून माझं गोडाऊन, त्यामुळं त्यांच्या घरातलं निम्मं मला न विचारता कळतं आणि उरलेलं त्या स्वतः येऊन सांगतात. तारीख धरली ती त्यांच्या धाकट्या भावानं, निजामुद्दीनमामूंनी. आमखास मैदानाच्या कडेला उभं राहून सगळी जिंदगी फुटबॉल बघितल्यामुळं हा माणूस स्वतःला या खेळातला काझी समजतो. फारूख मुंबईच्या एका व्यावसायिक क्लबाचा गोलकीपर. त्या वर्षी देशभरातल्या क्लबांची बाद पद्धतीची मोठी स्पर्धा हैदराबादला होती. बाद पद्धत म्हणजे हरला की बिस्तरा बांधून घरी. मामू म्हणाले, या क्लबानं आजवर पहिला सामना कधी जिंकलेला नाही आणि यंदा तर समोर कलकत्त्याचे वाघ आहेत. पोरगा दोन हप्ते आधीच येऊन हळद लावून बसेल. तेव्हा शेवटच्या शुक्रवारी निकाह धरा. त्याच शुक्रवारी स्पर्धेचा अंतिम सामना होता, पण अंतिम सामन्याशी आपला काय संबंध, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं.

मुलीचं नाव राहत. शहागंजातल्या बेकरीवाल्या चांदपाशांची थोरली, उर्दू शाळेत गणित शिकवायची. पोरापोरींनी एकमेकांना मनापासून पसंत केलेलं. चांदपाशा माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या टोस्टासारखा कडक. त्यांची एकच अट होती. त्या शुक्रवारी संध्याकाळी मोहर्रमचा चाँद दिसायची शक्यता होती. मोहर्रमात आणि पुढच्या सफरच्या महिन्यात त्यांच्या घराण्यात लग्न होत नाही. धर्मात तशी मनाई नाही असं काझीसाहेबांनी दोनदा सांगून बघितलं, पण बापदादांची रीत म्हटल्यावर चांदपाशा काझीचंही ऐकत नाहीत. शुक्रवारी, मगरिबच्या म्हणजे सूर्य मावळल्यावरच्या अजानच्या आत. नाहीतर परभणीच्या एका इंजिनिअरचं स्थळ अजून सांगून येतंच होतं.

पहिला सामना एक-एक बरोबरीत सुटला. टायब्रेकर झाला आणि फारूखनं कलकत्तेवाल्यांच्या दोन पेनल्ट्या अडवल्या. टेलिफोन बूथमधून मामू नाचत बाहेर आले, गल्लीच्या निम्म्यापर्यंत नाचले, मग त्यांना तारीख आठवली आणि ते मुकाट माझ्या बांबूंवर येऊन बसले. मी म्हटलं, असू द्या, आंधळ्याच्या हाती कधी बटेर लागतो, पुढच्यात हरतील. पुढचा सामनाही बरोबरीत सुटला. पुन्हा टायब्रेकर, पुन्हा फारूख. इतर नवरदेव हाताला मेंदी लावून घेतात. आमचा नवरदेव त्याच हातांनी स्वतःचं लग्न लांब ढकलत होता.

तेव्हापासून आपांनी दुआ मागायला सुरुवात केली. लपवाछपवी काही नाही. नमाज झाली की हात पसरून मोठ्यानं म्हणायच्या, "या अल्ला, माझ्या लेकराला सुखरूप हरव. कुठं लागू देऊ नको, कुणाचे बोल ऐकायला लावू नको, फकस्त हरव." हे ऐकून मामू ताटावरून उठले. पुढं बहीण-भावाचं बोलणं बंद झालं आणि एकमेकांना सांगायचं ते दोघंही माझ्यामार्फत सांगू लागले. मला काय तेवढंच काम होतं. मंडपाचे खड्डे खणून झाले होते, आणि एकदा खड्डा खणला की माझ्या धंद्यात माघार नसते.

उपान्त्य सामना मंगळवारी. टीव्ही मामूंनी माझ्या गोडाऊनमध्ये आणून लावला, कारण घरात लावला तर आपा हरण्याची दुआ मागणार. पुन्हा बरोबरी. पुन्हा टायब्रेकर. फारूखनं शेवटची पेनल्टी पायानं उडवून लावली. गोडाऊनमध्ये एकदम गलका उठला आणि एकदम विझला. दारात चांदपाशा उभे होते. ते चिडले नाहीत, हेच जास्त वाईट होतं. शुक्रवार, मगरिबच्या आत, एवढंच ते माझ्याकडं बघून म्हणाले आणि निघून गेले.

तासाभरानं फारूखचा फोन आला. तो आईला म्हणाला, "अम्मी, मी येतो. दुसरा कीपर हाय टीमकडं. उद्या रातच्या गाडीनं निघतो." आपांनी शुक्राना केला, गल्लीत साखर वाटली. मी माझी साखर तशीच पुडीत बांधून ठेवली. हा पोरगा शाळेत होता तेव्हापासून मी त्याला आमखासच्या खडीवर गुडघे फोडून घेताना बघितलेलं. एवढ्या वर्षांनी गडी अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि तो सोडून येणार. मामू तर आजारी माणसासारखे भिंतीकडं तोंड करून पडले. मला फार वाईट वाटलं. मी तसं आपांना सांगितलंही, पण लग्नघरात मंडपवाल्याच्या मताला कोण विचारतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी राहत स्वतः आपांच्या दारात आली. लग्नाआधी सासरी येणारी मुलगी आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितली. बाया पडदे सारून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. शाळेतून थेट आलेली, बोटांना खडू तसाच.

"अम्मी, त्यांना फोन करा. येऊ नका म्हणावं. आपणच जाऊ हैदराबादला."

"आन् तुझे अब्बा?" आपा म्हणाल्या.

"अब्बांना शुक्रवार पायजे, मगरिबच्या आत पायजे. निकाह औरंगाबादेतच पायजे, असं कुठं म्हणले ते?"

भिंतीकडं तोंड करून पडलेले मामू उठून बसले. गणिताच्या बाईंनी सगळ्यांना हातचा दाखवून दिला होता.

चांदपाशा तासभर आपल्याच शब्दात पळवाट शोधत राहिले. सापडली नाही. शेवटी त्यांनी भट्टीवरच्या माणसाला नानकटाईचे डबे भरायला सांगितलं, तेव्हा आम्ही समजलो की काझीसाहेबांसकट वऱ्हाड निघालं. मी खड्डे बुजवले. मंडप न घालता लग्नाला जायची माझी ही पहिलीच वेळ, आणि खोटं कशाला बोलू, हात रिकामे घेऊन बसमध्ये बसताना मला नव्या नवरीइतकं अवघडल्यासारखं झालं होतं.

बेत सरळ होता. गुरुवारी रात्री निघायचं, सकाळी पोचायचं, जुम्म्याच्या नमाजेनंतर आपांच्या चुलतबहिणीच्या घरी निकाह. त्यासाठी कोचनं फारूखला दोन तासांची सुटी दिली होती. नांदेडच्या पुढं बसचा पाटा तुटला. सकाळ तिथंच गेली. आम्ही बाभळीच्या सावलीत बसून होतो, गॅरेजवाला बसखाली होता, आणि चांदपाशा सूर्याकडं बघत होते. राहत मात्र डब्यातली नानकटाई काढून शांतपणे खात होती. मला वाटलं, एक तर ही पोरगी फार शूर आहे किंवा फार भुकेली.

आम्ही थेट मैदानावर पोचलो तेव्हा पूर्वार्ध संपून मध्यंतर झालं होतं. आधी गेटवाला सोडेना. मग मामूंनी त्याला पोटाशी धरून रडत रडत सगळी हकीकत सांगितली आणि तोच आम्हाला खेळाडूंच्या खोलीकडं घेऊन पळाला. कोच गोव्याचे होते, उंच आणि तापट. पहिल्यांदा ते ओरडले. मग त्यांनी काझीसाहेबांकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, करा, पण मी माझं बोलणं थांबवणार नाही.

मुलीची संमती घ्यायला मामू दोन साक्षीदार घेऊन बसमध्ये गेले. आमच्याकडं मुली या वेळी मान खाली घालतात, तीनदा विचारावं लागतं, कुणीतरी चुलती कोपरानं ढोसते तेव्हा कुठं आवाज निघतो. राहतनं प्रश्न पुरता होण्याआधीच हो म्हटलं आणि मामूंना म्हणाली, पळा. चांदपाशा लाजून खिडकीबाहेर बघू लागले.

तिकडं फारूख बाकावर बसला होता. मातीनं माखलेली जर्सी, वर मामूंनी घाईघाईनं बांधलेला सेहरा. एका बाजूला काझीसाहेब खुतबा पढत होते, दुसऱ्या बाजूला कोच कॉर्नरच्या वेळी कुणी कुठं उभं राहायचं ते फळ्यावर काढून दाखवत होते. फारूख एक कान इकडं, एक तिकडं देऊन होता. कबूल मात्र तीनही वेळा त्यानं योग्य ठिकाणीच म्हटलं. सहीसाठी हातमोजे काढले, सही केली, पुन्हा चढवले. तेवढ्यात बसमधून डबे घेऊन आलेल्या चांदपाशांनी सगळ्या संघाला नानकटाई वाटली. शिटी झाली आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं लग्न संपलं.

आम्ही सगळे गॅलरीत जाऊन बसलो. आपांनी लेकाला मैदानावर खेळताना कधी बघितलं नव्हतं. मार लागेल म्हणून त्या आमखासकडं फिरकायच्याच नाहीत. आता नजर हटवेनात. तो झेपावला की त्यांचाही खांदा तिकडं कलायचा. दोन्ही संघांचा एकेक गोल झालेला. जादा वेळेतही कुणी हललं नाही. दिवे लागले, पश्चिमेला नखाएवढा चाँद दिसला, आणि तो जणू स्वतःच उगवून आणल्यासारखे चांदपाशा सगळ्यांना बोटानं दाखवू लागले. मग टायब्रेकर.

आपांनी माझी बाही ओढली. "बद्रीभाऊ, मी येवढे दिवस हरव-हरव म्हणून मागितलं, ते आजून चालूच आसंल का? मागितलेलं परत कसं घ्यायचं?"

मी म्हटलं, आपा, मी मंडपवाला, काझीसाहेबांना विचारा. काझीसाहेब बाकड्यावर उभं राहून रेफरीच्या नावानं बोटं मोडत होते.

"अम्मी, फिकर नका करू," राहत म्हणाली. "मी पहिल्या सामन्यापासनं जिंकायचं मागत होते."

आपा तिच्याकडं वळल्या. "म्हणून परत्येक सामना बरोबरीत सुटत होता व्हय."

राहत हसली. आपा हसल्या नाहीत. "आन् लग्न मोडलं आसतं मग?"

"रडले आसते, अम्मी. लई रडले आसते. पण माझ्यासाठी हरून आलेला माणूस मला जन्मभर बघवला नसता."

आपांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चल, आता दोघी मिळून माग."

समोरच्या संघाची शेवटची पेनल्टी होती. अडवली तर कप आपला. त्यांचा कप्तान धावत आला. फारूख क्षणभर उगाच उजवीकडं झुकला आणि डावीकडं आडवा झाला. चेंडू त्याच्या तळव्याला लागून खांबाबाहेर गेला. मामू माझ्या गळ्यात पडले, चांदपाशा मामूंच्या, आणि आमच्या तिघांच्या वजनानं बाकडं कलंडलं. मी ओरडत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही.

आपांचे डोळे अजून मिटलेलेच. काय झालं, म्हणून विचारत होत्या. मी खालूनच सांगितलं, अडवली आपा, जिंकला पोरगा.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा फारूख सगळ्यांच्या हातून निसटून आमच्या गॅलरीपुढच्या जाळीकडं धावत येत होता. मागून कोच त्याला कप घ्यायला हाका मारत होते. जाळीला हात लावून तो आधी आईकडं बघून हसला, मग राहतकडं बघितलं आणि तिथंच थांबला. निकाहनंतर त्यानं तिला पहिल्यांदाच बघितलं होतं.

"जा," आपा म्हणाल्या, "कप घिऊन ये तुझा. हिला मी धरलंय."

तो गेला. आणि आपांनी तो हात परतीच्या वाटेवर नांदेड येईपर्यंत सोडला नाही.