एका प्रार्थनेएवढा वेळ

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते शोभेचं. खरं घड्याळ म्हणजे बाबांची प्रार्थना. अंडं किती वेळ उकडायचं? एक प्रार्थना. भांडण झाल्यावर मी किती वेळ गप्प बसायचं? दोन प्रार्थना. ते मला कधीच जमलं नाही.

बाबा सुतार होते. घराला लागून एक भाड्याची खोली होती, तिथे त्यांचं काम चालायचं. उजाडायच्या आत तिथला दिवा लागायचा आणि संध्याकाळी बाबा भुवयांत भुसा घेऊन घरी यायचे. हात धुवायच्या आधी प्रत्येकाला विचारायचे, जेवलात का. अख्ख्या गल्लीच्या खुर्च्या त्यांनी सरळ केल्या, पण आमचं जेवायचं टेबल मात्र शेवटपर्यंत लंगडं राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आम्ही रोज जेवताना बघायचो.

लाकूड जोडायची त्यांची एक रीत होती. गरम सरस, म्हणजे सुताराचा गोंद, लावायचा, दोन तुकडे एकमेकांवर घासून बसवायचे आणि सरस धरेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून ठेवायचे. तेवढा वेळ ते पुटपुटत प्रार्थना म्हणत. देवापुढे हात जोडायला हवेत, असं कुणीसं एकदा म्हणालं. "माझे हात कामात आहेत, हे त्याला दिसतंय की," एवढंच बाबा म्हणाले.

दादा, माझा थोरला भाऊ, मिसरूड फुटल्यावर एकदा जेवताना म्हणाला होता की वर ऐकणारं कुणी नाही. बाबांनी तोंडातला घास शांतपणे चावला आणि "बरं" म्हणाले. आरडाओरडा झाला असता तर परवडलं असतं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखं बोलायला लागले. पुढे दादा लांबच्या फर्निचरच्या कारखान्यात गेला. बाबांची छाती थकली तेव्हा परत आला आणि ते गेल्यावर त्याने खोली चालवायला घेतली.

यंत्रावर दादा हुशार होता. पण गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या गोल स्टुलाने त्याला पार रडकुंडीला आणलं. स्टुलाची फळी मधोमध दुभंगली होती. गोल फळीवर लाकूड आवळून धरायचा शिकंजा धड बसत नाही, घसरतो. तिथे हातच लागतात. दादाने ती जोडून दिली आणि दोन दिवसांत शिंपीणबाई कात्रीसकट जमिनीवर बसल्या. त्या हसल्या, पण स्टूल परत आणून दिलं. दादा मात्र हसला नाही. आता ही फळी पुन्हा सुटली तर खोलीची किल्ली घरमालकाला देऊन कारखान्यात परत जाईन, असं त्याने सांगून टाकलं. आमचा दादा बोलतो कमी आणि बोलला की करतो. आईचा चेहरा पडला. भिंतीपलीकडून रंध्याचा आवाज येतो, त्याच आधारावर ती सकाळी उठत होती.

एक प्रार्थना धर, हे बाबांचं माप दादाला ठाऊक होतं. म्हणून त्याने आईला समोर बसवून प्रार्थना म्हणायला लावली, मनगटावरच्या घड्याळात वेळ मोजला आणि बरोब्बर तेवढा वेळ फळी दाबून धरली. सकाळी नुसतं बोट टेकवलं आणि फळी सुटली.

"बाबांचा सरस वेगळा असणार," दादा म्हणाला.

मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. खिळ्यावरची किल्ली काढून त्याने खिशात टाकली.

मी घरात आले. आई अंडी सोलत होती आणि नेहमीप्रमाणे पिवळं बोटांवरून ओघळत होतं. बाबा गेल्यापासून आई स्वतः एक प्रार्थना म्हणून अंडी उतरवायची, आम्ही अशीच अर्धीकच्ची खात होतो आणि मी आईच्या घाईला नावं ठेवत होते. त्या दिवशीही तेच म्हणायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच.

"आई, तुझी अंडी आणि दादाची फळी, दोन्ही कच्चीच कशी गं?"

आईचा हात थांबला. ती तशीच उठली, खोलीत गेली आणि दादाला म्हणाली, सरस तापव.

दादाने फळीचे दोन्ही तुकडे जोडून दाबून धरले. आई त्याच्या शेजारी उभी राहून प्रार्थना म्हणू लागली. ती संपली तसे दादाचे हात सैल पडले.

"सोडू नकोस."

"संपली ना प्रार्थना."

"सगळ्यांची संपली. यांची नाही." आईने डोळे मिटले आणि बाबा रोज म्हणायचे ते म्हणू लागली. "शिंपीणबाईंच्या गुडघ्याला आराम पडू दे. घरमालकाचा खोकला जाऊ दे. समोरच्या म्हाताऱ्याला लेकाचा फोन येऊ दे. धाकटीच्या जिभेला जरा लगाम दे."

मी खाली बघितलं.

"आणि थोरला. त्याला वेळेवर जेवण मिळू दे. यंत्रापाशी त्याचे हात सांभाळ. तो तुझ्यावर रागावला असेल तर रागावू दे, तू त्याच्यावर रागावू नकोस."

दादा फळीकडेच बघत होता. "मी आत आलो की ते गप्प व्हायचे. मला वाटलं, मला वगळलंय."

"तुझंच चालू असायचं म्हणून गप्प व्हायचे. तुला आवडणार नाही, असं म्हणायचे. मी भिंतीपलीकडून रोज ऐकायचे रे. तुझ्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबायचे. तोवर सरस धरलेला असायचा."

दादाचे डोळे वाहायला लागले आणि हात तर गुंतलेले. मग मीच त्याचं नाक पुसलं. लहानपणी तो माझं पुसायचा.

ती फळी काही सुटली नाही. शिंपीणबाईंनी स्टुलावर दोनदा आपटून बसून बघितलं. किल्ली परत खिळ्यावर गेली. दादा अजूनही आमच्याबरोबर प्रार्थनेला येत नाही आणि आई त्याला त्याबद्दल विचारत नाही. आमच्याकडे अंडी आता नीट उकडतात.

परवा मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी दाबून धरून तो काहीतरी पुटपुटत होता. त्या पुटपुटण्यात घरमालकाचा खोकला ऐकू आला, म्हाताऱ्याचा फोन ऐकू आला. मग "धाकटीला" म्हणाला, आणि मी दारात दिसले तसा एकदम गप्प झाला.

मी काही न बोलता चहा घेऊन परत फिरले. सरस धरायचा होता.